कोंबावरची हॅट

आमचं शिलाईचं दुकान वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे खिडकीतून रस्ता बघितला की माणसं डोक्याकडून दिसतात. वरून बघितलेला माणूस म्हणजे टाळू, खांदे आणि चालताना पुढे येणारं बुटाचं टोक. चेहरा दिसत नाही, आणि मापं घेणाऱ्या बाईला चेहऱ्याचं तसं कामही नसतं. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टेप गळ्यात लोंबत होती, मागे कटिंग मास्टर कापडावर खडूच्या रेघा ओढत होते, आणि मी टेपच्या टोकाशी चाळा करत उगाच खाली बघत होते. समोरच्या फुटपाथवरून एक हॅट चालली होती. हॅटच म्हणायची, कारण आधी दिसली ती तीच. पारव्याच्या पाठीसारखी राखी, माथ्यावर पन्हळीसारखी खोल घडी, पुढून कुणीतरी दोन बोटांनी लाडानं चिमटल्यासारखी, भोवती काळसर फीत, आणि कड समोरून जराशी खाली, जसं डोळ्यांवर हात धरून कुणी लांबचं बघतंय. हॅटच्या दोन्ही अंगांना खांदे होते. काय खांदे! मानेपासून निघाले ते कुठे न अडखळता दंडापर्यंत उतरले होते. असे खांदे दुकानात आले की मास्टर कात्री खाली ठेवतात आणि म्हणतात, याच्या अंगावर कोट बसवायचा नाही, नुसता टाकायचा, तो आपोआप बसतो. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटत होती, वाटेत खडक आल्यावर ओढ्याचं पाणी फुटतं तशी. मला वाटलं, कुणाचा असेल हा? असं वाटणं माझ्या वयाला शोभत नाही, पण वाटण्याला वय कोण विचारतं. याची बायको याला सोडायला दारापर्यंत येत असेल का, आणि हा दिसेनासा झाल्यावरही तिथेच उभी राहत असेल का? इतक्यात तो औषधांच्या दुकानासमोर आला. त्या दुकानानं पुढे कापडी छत काढलंय, चांगलं उंच, हातगाडीवर उभं केलेलं कपाटसुद्धा खालून जाईल असं. त्या छताखाली शिरताना तो वाकला. काही गरज नसताना, मान आणि पाठ एकदमच मोडून, कुणाची तरी माफी मागितल्यासारखा. टेपचं टोक माझ्या हातातून सुटलं. तसं वाकणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि त्याचा डबा सकाळी मीच भरून दिला होता.

"काय गं, काय झालं?" मास्टरांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एक हॅट गेली. ते खडू कानावर ठेवून खिडकीशी आले आणि छताच्या पलीकडून निघालेल्या त्या पाठीकडे बघत राहिले. "फेडोरा म्हणतात तिला," ते म्हणाले. "पण घालणारा लागतो. एरवी माणूस हॅटखाली लपल्यासारखा दिसतो. याच्यावर बघ कशी ऐटीत बसलीय. ओळखीचा आहे?" मी नाही म्हटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या तोंडी नवऱ्याला नाव नाही, 'हे' आहे. हे आले, हे जेवले, यांना आज बरं नाही. मघाचा जो रस्त्यावरून गेला तो मात्र माझ्या मनात 'तो' होता, एकेरी, परका, झळझळीत. 'तो' छतापर्यंत चालत आला होता आणि छताखालून 'हे' बाहेर पडले होते. त्या दोघांच्या मधे एवढंच एक वाकणं होतं. संध्याकाळपर्यंत मी मापं घेतली, पण एका गिऱ्हाइकाची बाही दुसऱ्याच्या दंडाला लावली असती, इतकी मी जागेवर नव्हते.

हे उंच आहेत, म्हणजे नुसते उंच नाहीत, उंचीचा गुन्हा केल्यासारखे उंच आहेत. लहानपणी ज्या घरात वाढले त्याची दारं बुटकी, आणि त्या दारांनी यांना जे शिकवलं ते पुढे कुठल्याही दारानं पुसलं नाही. सिनेमाला गेलो की मागच्या माणसासाठी हे खुर्चीत घसरून बसतात. रांगेत उभे राहिले की गुडघे मोडतात. कुणी बोलायला आलं की त्याच्या उंचीला येतात आणि बोलणं संपलं तरी तिथेच राहतात. कामही असं की लिफ्टच्या यंत्रखोलीत नाहीतर लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात, दोन्हीकडे ओणवं. मी लिफ्टवाल्याशी लग्न केलं तेव्हा माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळे बटण म्हणतात कारण तो तेवढाच आहे, म्हणाला होता, "दाजींना लिफ्ट कशाला, ते जन्मापासून दुसऱ्या मजल्यावरच आहेत." अजूनही आला की दारातूनच ओरडतो, "काय दाजी, वर पाऊस आहे का?" हे हसतात. हसताना अजून थोडे वाकतात. माझ्या आईला मशीन चालवता चालवता ओळी जुळवायचा नाद होता. एक ओळ ती टाकायची आणि दुसरी आम्ही द्यायची, मशीनच्या पायाखालच्या पायट्याच्या तालावर. हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा दारातून नीट वाकून शिरले आणि आत येऊन मान वर करताच टांगलेल्या दिव्याला धडकले. दिवा कितीतरी वेळ झुलत होता, आमच्या सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर झुलत होत्या, आणि हे त्या दिव्याला हातानं धरून "माफ करा" म्हणत होते, दिव्यालाच. ते गेल्यावर आईनं मशीन सुरू केलं आणि म्हणाली,

वेळू माझ्या वेळू, किती उंच रे जाशील?

आणि बटण, तेव्हा चिमुरडा, लगेच किंचाळला,

दिव्याला धडकून, खाली पुन्हा येशील!

आई एवढी हसली की सुई तिरकी गेली. मी हसले नाही. मी त्या झुलत्या सावलीत बघितलं होतं, भिंतीवर यांची सावली छतापर्यंत सरळ गेली होती. तेवढीच काय ती सरळ.

घराच्या मागचं बेट यांनीच लावलं. बांबूच्या गर्दीला बेट म्हणतात हे मला नेहमीच नवल वाटत आलंय, कारण भोवती पाणी नाही, नुसतं शेजाऱ्यांचं कुंपण, आमची पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची दोरी. पण आत शिरलं की पटतं. बाहेरचा रस्ता, गाड्या, शेजारचा रेडिओ, सगळं किनाऱ्यापलीकडे राहतं आणि आत हिरवा अंधार आणि पानांची एक न संपणारी कुजबुज. यांनी लावलं तेव्हा नुसता एक गड्डा होता, मेल्यासारखा. मी म्हटलं होतं, यातून काय उगवणार? हे म्हणाले, "उगवलं तर उंच उगवेल." आणि उगवलं ते असं की खालून शेंडा बघायचा तर मान दुखते. पोटरीएवढे जाड, तुळतुळीत, पेरापेरावर पांढरी राख फासल्यासारखे, तीन मजल्यांवरून खाली बघणारे. शेंडे मात्र वाकलेले. पण त्यांचं वाकणं वेगळं, सगळी उंची गाठून झाल्यावर मग केलेलं, घरातल्या वडीलधाऱ्यानं लेकराला जवळ घेताना वाकावं तसं. हे रोज कामावरून आले की मागे जायचे. मला वाटायचं पाला गोळा करतात. त्या दिवशी, रस्त्यावर 'तो' दिसला त्याच दिवशी, हे बोडक्या डोक्यानं घरी आले, पाणी प्यायले, म्हणाले, "जरा मागे जाऊन येतो." डब्याची पिशवी बरोबर घेतली. पाला गोळा करायला डब्याची पिशवी कशाला? मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला, आवाज नको म्हणून, आणि खिडकीच्या पडद्याची कड बोटानं जराशी सरकवली.

बेटाच्या मधोमध थोडी मोकळी जागा आहे, खोलीएवढी. तिथे पोचल्यावर यांनी पिशवीतून ती काढली, बाहीनं एकदा हळूच पुसली, आतल्या घडीवर फुंकर मारली आणि डोक्यावर ठेवली. ठेवली म्हणजे काय, डोक्यानं तिला वर घेतली. आणि मग पाठ. मी ती पाठ माझ्या हातांनी ओळखते, दिसायच्या आधी ओळखते, आणि ती पाठ माझ्या डोळ्यांदेखत उलगडत गेली, घडी घातलेल्या पट्टीसारखी, एक एक पेर. त्या बांबूंच्या मधे हे उंच नव्हते. उलट लहान दिसत होते, मोठ्या माणसांच्या बैठकीत पहिल्यांदा नवे कपडे घालून आलेल्या तरण्यासारखे. कुणाच्या डोळ्यांत खुपायचं नाही, कुणाची वाट अडवायची नाही, लागेल तेवढं वर जायला जागा. यांनी एका बांबूसमोर उभं राहून कड दोन बोटांनी धरली आणि हॅट जराशी उचलली, 'नमस्कार, कसं काय?' अशी. मग दुसऱ्यासमोर. मग जरा मागे सरून, हात पाठीशी बांधून, एक फेरी मारली. दाखवत होते! माझा हा माणूस, जो लग्नाच्या फोटोत माझ्या उंचीचा दिसतो, तो झाडांना आपली हॅट दाखवत होता. आणि झाडं, देवाशपथ सांगते, बघत होती. मला असूया वाटली. दुसऱ्या बाईची वाटावी तशी मला बांबूंची वाटली. मी पडदा सोडला आणि नळ पुन्हा सुरू केला, जरा जोरातच.

जेवताना मी काही बोलले नाही. बोलणं जिभेवर होतं, आणि ते फार सोपंही होतं. 'आज तुम्हाला बघितलं, काय रुबाबदार दिसत होता,' एवढंच. पण मी यांना ओळखते. लाजाळूच्या झाडाला कौतुकानं बोट लावलं काय आणि रागानं लावलं काय, पान मिटतंच. मी एक शब्द काढला असता तर हे 'छे छे, ती उगाच, कुणाची तरी' म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशी हॅट कुणाला तरी देऊन मोकळे झाले असते. मग 'तो' मला पुन्हा कधी दिसला नसता. एवढी वर्षं मी एका वाकलेल्या माणसाबरोबर सुखानं राहिले, माझी काही तक्रार नव्हती. पण आता मी बघितलं होतं. बघितलेलं न बघितलं करता येत नाही, आणि मला तो हवा होता, चोरून पडद्याआडून नाही, घरात, समोर, स्वतःहून आलेला. तेव्हा मी यांना नुसती आमटी वाढली. "आज दुकानात काय विशेष?" यांनी विचारलं. "एक गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं, "खांदे फार छान होते." हे ताटात बघत म्हणाले, "असतात एकेकाचे."

यांचे शर्ट मीच कापते. वाकून चालणाऱ्या माणसाचा कपडा आमच्यात वेगळा कापतात, पाठ लांब धरायची आणि पुढचा पल्ला आखूड, नाहीतर मागून शर्ट वर चढतो आणि पुढून लोंबतो. हे काम नाजूक असतं. गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं की तुला पोक आहे. नुसता टेपवर अंगठा थोडा खाली सरकवायचा आणि मास्टरांकडे बघायचं, ते समजतात. माप मोठ्यानं बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नेम. यांचं माप तर मी कधी घेतलंच नाही, ते माझ्या हातात बसलेलं आहे. पाठ लांब, पुढा आखूड. माझ्या हातचा शर्ट यांच्या अंगावर इतका बिनचूक बसायचा की वाकलेला माणूस वाकलेला दिसायचाच नाही. मला त्याचा अभिमान होता.

मग यांना ताप आला. कामावरून आले तेच काकडत, तरी मागे गेले, पण लगेच परत आले, आणि पांघरूण घेऊन जे पडले ते पडलेच. डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून हलायचं नाही. सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मला बेटात हॅट दिसली. आत, मधल्या मोकळ्या जागेच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीवर, कुणीतरी बुटका बसून राहिल्यासारखी. काकडत्या हातांनी यांनी ती एका खुंटावर ठेवली होती आणि उचलायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं असू दे, आडोसा आहे. दुसऱ्या दिवशी बघते तर तो बुटका उठून उभा राहिलेला. मला आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांना काही झालंय. मग जाऊन बघितलं. खुंट नव्हताच तो. नवा कोंब होता. बांबूचा कोंब जमिनीतून येतो तो पुढे जेवढा जाड व्हायचा तेवढाच जाड येतो, तपकिरी सोपटं गुंडाळून, एखाद्या जुन्या तोडलेल्या बुंध्यासारखा निर्जीव दिसतो. त्या अंधुक उजेडात यांनी खुंट समजून त्याच्यावर हॅट ठेवली होती, आणि कोंबानं ती बिनतक्रार उचलली होती.

तेव्हापासून आमच्या घरात एक चमत्कारिक संभाषण सुरू झालं. हे आत अंथरुणावर, डोळे छताला लावून. मी बाहेर स्वयंपाकघरात, डोळे खिडकीला लावून.

"बाहेर वारा सुटलाय का गं?"

"झुळूक आहे."

"झुळूकच ना?"

"झुळूकच. पान हलेल एवढी."

थोडा वेळ जायचा. मग, "मागे कुणी जात नाही ना?"

"कोण जाणार? शेजारचं मांजर जातं."

"मांजर?" एवढा ताप, तरी हे कोपरावर उठले.

"बेटात नाही जात ते. त्याला बांबूच्या पानांची खाज येते." मांजराच्या नावावर मी काहीही खपवलं. हे पुन्हा आडवे झाले, आणि मी म्हटलं, "मागे सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही झोपा." जागच्या जागी! ती रोज वर जात होती. एकदा माझ्या खांद्याला आली. त्या दिवशी भुरभुर पाऊस आला, तर मी 'कपडे काढते' म्हणून छत्री घेऊन मागे गेले आणि हॅटवर छत्री धरून उभी राहिले. दोरीवरचे कपडे भिजले, मी भिजले, ती कोरडी. एवढ्या जवळून मी तिला प्रथमच बघत होते. फीत हातानं शिवलेली, टाके इतके बारीक की शिवणारीचे डोळे किती निवळ असतील असं मनात आलं. आतली चामड्याची पट्टी घामानं काळवंडलेली. म्हणजे ही नवी नाही, बऱ्याच दिवसांची आहे. गळ्यात टेप होतीच. मी कड न हलवता भोवतीनं टेप फिरवली आणि यांच्या डोक्याचं माप घेतलं, जे मी आजवर कधी घेतलं नव्हतं. आकडा सांगत नाही, आमचा नेम आहे. पण मोठं निघालं, माझ्या अंदाजापेक्षा बरंच मोठं. इतके दिवस हा माणूस माझ्या शेजारी झोपतोय आणि त्याच्या डोक्यात किती मावतं ते मला ठाऊक नव्हतं. मग ती माझ्या डोक्यावरून गेली. मग छत्री पुरेना. पाऊसही थांबला. आता खिडकीतून बघितलं की बेटात कुणीतरी उंच, सडपातळ, देखणं माणूस उभं आहे असं दिसायचं, हॅट घातलेलं, आमच्या घराकडे बघत. भांडी घासता घासता मी त्याच्याकडे बघायची. एकदा तर हात वर केला.

यांचा ताप उतरला त्या सकाळी बटण आला. हातात मोसंब्यांची पिशवी, दारातूनच सुरू. "काय दाजी, वर पाऊस आहे का?" हे उशीला टेकून बसले होते, हसले. बटण पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि पेला तोंडाशीच थांबला.

"ताई, मागे कोण उभं आहे?"

"कुठे? कुणी नाही. पाणी पी तू."

"अगं, बेटात! हॅट घालून! दाजींपेक्षा उंच माणूस कुठून शोधून आणलास?" आणि मला काही सुचायच्या आत तो मागच्या दारातून बाहेर. मी मागोमाग धावले. बटण हॅटच्या खाली उभा राहून वर बघत होता, मग त्यानं एक उडी मारली, मग दुसरी. त्याच्या उड्या त्याच्याच उंचीच्या. "ही वर गेली कशी? कावळ्यानं आणली?" म्हणत त्यानं दोरीची काठी उचलली आणि कडेखाली घातली.

"ढोसू नकोस तिला!" मी ओरडले. "फीत तुटेल!"

बटण काठी तशीच धरून वळला. "तिला? फीत? ताई, तुला ही ठाऊक आहे?" आणि त्याची नजर माझ्या पलीकडे गेली, म्हणून मीही वळले. दारात हे उभे होते. चादर गुंडाळलेली, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि अर्थात, वाकलेले. यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं, आणि त्या एका बघण्यात त्यांना सगळं कळलं, झुळूक, मांजर, भिजलेले कपडे, सगळं. मला वाटलं, संपलं. आता पान मिटणार.

"मी खुंटावर ठेवली होती," हे हळूच म्हणाले.

"खुंट नव्हता," मी म्हटलं. "कोंब होता."

"पण आहे कुणाची?" बटणानं विचारलं.

यांच्या ओठांवर उत्तर येताना मला दिसत होतं, लिफ्टमध्ये कुणीतरी विसरलं असं काहीतरी, साधं, सुटसुटीत, कुणाच्या डोळ्यांत न खुपणारं. मी यांच्याकडे बघितलं नाही, वर हॅटकडे बघत राहिले. बघायचंच आहे तर तिच्याकडे बघा, असं.

"माझी," हे म्हणाले.

हे पायरी उतरून कोंबापाशी आले. "वाकवा की त्याला, दाजी," बटण म्हणाला, "शेंडा धरा आणि ओढा खाली, हातात येईल." यांनी कोंबावर हात ठेवला, तान्ह्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "नको," म्हणाले, "कोवळा आहे. मोडेल." आणि मग यांनी वर बघितलं. आधी मान सरळ झाली. मग खांदे मागे गेले. मग ती पाठ उलगडू लागली, माझ्यासमोर, उजेडात, अंगणात, तापानं खंगलेली तरी पेरापेरानं वर जाणारी. चादर गळून खाली पडली. टाचा उचलल्या गेल्या, हात वर गेला, बोटं वर गेली, आणि बोटांची टोकं कडेला लागली. क्षणभर कोंब, माणूस आणि हॅट अशी एकच उभी रेघ होती, आणि तिच्यात वाकडं काही नव्हतं. यांनी हॅट उचलली, फुंकर मारली आणि डोक्यावर ठेवली. कड दोन बोटांनी पुढून जरा खाली केली. टाचा टेकल्या, पण बाकीचं कुठे खाली आलं नाही.

मी दुकानातल्या आवाजात म्हटलं, "वळा जरा." माझा तोच आवाज शाबूत होता. हे वळले. "चालून दाखवा." हे बेटात शिरले, त्या मोठ्या माणसांच्या मधून सावकाश गेले, टोकाला जाऊन फिरले, आणि परत येताना उन्हाचे कवडसे त्या राखी माथ्यावरून, खांद्यांवरून एकामागून एक घसरत गेले. हा तोच होता. रस्त्यावरचा. आणि हे हेच होते, पायांत घरातल्या चपला, दाढीचे खुंट, मीच शिवलेला शर्ट. माझ्यासमोर येऊन यांनी कड धरली आणि हॅट उचलली, बांबूंना उचलत होते तशी, पण थोडी जास्त. मी ओला हात साडीला पुसला आणि पुन्हा पुसला.

"कुठून घेतलीत?" बटणानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

हे सांगू लागले, वरूनच. एका जुन्या इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती, आत टोप्या विकणारा एक म्हातारा. यांनी यंत्रखोलीतून हातानं फिरवून फिरवून लिफ्ट वर आणली, दार उघडलं, तर म्हाताऱ्याला यांचं डोकंच आधी दिसलं. आभार मानायचे सोडून तो डोक्याकडेच बघत राहिला, आणि हाताला धरून आपल्या दुकानात घेऊन गेला. ही हॅट काचेत तशीच पडून होती, कुणाला होत नव्हती, आलं ते प्रत्येक डोकं हिच्यात बुडत होतं. "म्हातारा म्हणाला," हे जरा थांबले, लाजले, पण वाकले नाहीत, "म्हणाला, कुठे होतात तुम्ही?"

बटणानं खाली पडलेली चादर उचलली, झटकली, घडी घातली. मग त्या उघड्या झालेल्या कोंबाच्या टोकाकडे बघत, मशीनच्या पायट्यासारखा पाय हलवत, स्वतःशीच म्हणाला,

वेळू माझ्या वेळू, किती उंच रे जाशील?

आणि दुसरी ओळ त्यानं जरा शोधून दिली,

आभाळाच्या दारी, ताठ उभा राहशील.

"चला आत," मी म्हटलं, "अंगात अजून कणकण असेल." हे पुढे निघाले, मी मागे. दारापाशी यांचं पाऊल सवयीनं थबकलं, मान सवयीनं हलली, आणि हात वर जाऊन कडेवर थांबला. मी मागून बोलले नाही. आमच्या घराचं दार यांच्यापेक्षा उंच आहे, ते मला राहायला आलो त्या दिवसापासून ठाऊक आहे. पण दारानं सांगितल्याशिवाय ते पटत नसतं. हे सरळ आत गेले. माथ्याची घडी चौकटीला निसटती लागली, फेल्टचा कापडावर हात फिरवल्यासारखा आवाज आला, तेवढाच. आणि तेव्हा माझ्या डोळ्यांना खटकलं. शर्ट. माझा बिनचूक शर्ट मागून लोंबत होता, पार मांड्यांपर्यंत, आणि पुढून वर चढला होता, धाकट्या भावाचा घातल्यासारखा.

"काय बघतेस?" यांनी आतून विचारलं. आवाज नवीनच जागेवरून आला, वरून.

"शर्ट बसत नाहीय तुम्हाला."

"असं कसं? तूच शिवलायस."

"शिवलाय," मी म्हटलं आणि गळ्यातली टेप काढली. "पण माप दुसऱ्याचं होतं. असेच उभे राहा."